दोर कुणाच्या हातात होता? घोडा, अपंगत्व आणि मुंबईतला एक संशोधनविषय

'पेट' झाली, गाइड मिळाले, आता विषय काय घेऊ? तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा हाच प्रश्न असतो. विषय ज्याचा त्यानेच शोधायचा असतो, पण हातात आलेला विषय इतिहासाच्या विद्यार्थ्याने कुठून धरायचा, एवढं मी दाखवू शकते. त्यासाठी आज मुद्दाम जरा आडवळणाचा विषय घेते: घोड्याच्या सोबतीने चालणारं शिक्षण आणि उपचार, सगळ्या प्रकारच्या क्षमतांच्या माणसांसाठी.

मी कोपरखैरण्यात राहते. इथे घोडा दिसतो तो लग्नसराईत. पाठीवर नवरदेव, पुढे बेंजो, आणि लगाम धरून चालणारा एक माणूस, जो वरातीच्या एकाही फोटोत नीट येत नाही. दुसरीकडे, शेजारच्या वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे आणि खारघरला बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र. म्हणजे घोडा आहे, घोडा सांभाळणारा आहे, दिव्यांग मुलांसोबत काम करणारे लोक आहेत. पण 'घोड्यासोबत शिकणं' म्हटलं की आपल्याला परदेशातलं हिरवंगार कुरण आणि हेल्मेट घातलेलं मूल आठवतं. हे चित्र असंच का तयार झालं, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

आधी कामाचं स्वरूप समजून घेऊ. यात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा, नाहीतर पुढे सगळी सरमिसळ होते. पहिली, उपचार. घोडा सावकाश चालतो तेव्हा पाठीवरच्या माणसाची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी वळत हलते. आपण स्वतः चालतो तेव्हाही ती साधारण अशीच हलते. ज्या मुलाला चालता येत नाही त्याच्या धडाला या चालीतून तोल सांभाळण्याचा सराव मिळतो, आणि फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट या चालीचा साधन म्हणून वापर करतो. याला हिप्पोथेरपी म्हणतात. दुसरी, घोडेस्वारी शिकणं, ज्याला जशी जमेल तशी, खोगीर-लगामात बदल करून. तिसरी गोष्ट म्हणजे निव्वळ शिकणं, आणि त्यासाठी घोड्यावर बसावंच लागतं असं नाही. खरारा करणं, चारा घालणं, दोर धरून घोड्याला ठरलेल्या खुणेपर्यंत नेणं. त्यातून लक्ष टिकवणं, क्रम लक्षात ठेवणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०२१ साली एक सहमतीचा दस्तऐवज काढला आणि या सगळ्याला 'इक्वाइन-असिस्टेड सर्व्हिसेस' हा एकच छत्रशब्द सुचवून त्याखाली थेरपी, लर्निंग आणि हॉर्समनशिप असे तीन भाग केले. तुमच्या प्रस्तावनेत ही फोड पहिल्या दोन पानांत आलीच पाहिजे.

आता मैदानावर बघा. एका स्वाराबरोबर बहुतेक वेळा तीन माणसं असतात. दोघं दोन्ही बाजूंनी चालतात, स्वार कलंडला तर सावरायला. तिसरा घोड्याच्या डोक्यापाशी दोर धरून चालतो. चाल किती संथ, वळण किती मोठं, कधी थांबायचं, घोडा बिचकला तर काय करायचं, हे सगळं या तिसऱ्याच्या हातात असतं. थेरपिस्टचं सगळं गणित त्याच्या पावलांवर उभं असतं. मला या विषयात इतिहास दिसतो तो या दोर धरणाऱ्याच्या बाजूने.

जवळपास प्रत्येक पुस्तकात आणि प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात या क्षेत्राची सुरुवात एकाच बाईपासून होते: लिस हार्टेल. डेन्मार्कची ही घोडेस्वार. १९४४ साली, गरोदर असताना तिला पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पाय कायमचे लुळे राहिले. तरी ती पुन्हा घोड्यावर बसली आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये 'ज्युबिली' या घोडीवर ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या चालींवरच्या नियंत्रणाच्या स्पर्धेचं, रौप्यपदक मिळवलं. घोड्यावर चढायला-उतरायला तिला मदत लागायची. सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वीडनच्या हेन्री सां सीरने तिला मंचावर चढायला हात दिला, हा प्रसंग सगळीकडे सांगितला जातो. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य जिंकलं. तिच्या यशानंतर युरोपात अपंग मुलांना घोड्यावर बसवण्याचे प्रयत्न वाढले. १९६९ साली ब्रिटनमध्ये 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' आणि त्याच वर्षी अमेरिकेत 'नॉर्थ अमेरिकन रायडिंग फॉर द हँडिकॅप्ड असोसिएशन' स्थापन झाली. १९९६च्या अटलांटा पॅरालिम्पिकमध्ये घोडेस्वारीचा समावेश झाला.

गोष्ट सुंदर आहे आणि खरी आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे एक साधा प्रश्न विचारावा: लिस हार्टेल १९४८ साली लंडनला का नव्हती? तोवर ती बरीच सावरली होती. उत्तर तिच्या पायांत सापडत नाही, ते नियमपुस्तकात आहे. १९४८पर्यंत ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये सैन्यातल्यांपैकी फक्त अधिकाऱ्यांनाच उतरता येत असे. बायका नाहीत, आणि लक्षात घ्या, साधे सैनिकही नाहीत. लंडनमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवलं. त्यातला गेनाल पेरसोन हा खरं तर सार्जंट, म्हणजे अधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा. स्पर्धेपुरती त्याला बढती देऊन पुन्हा खाली आणलं होतं. हे उघड झालं आणि १९४९ साली संपूर्ण संघाचं पदक काढून घेतलं गेलं. घोडा उत्तम चालवला होता, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती खांद्यावरच्या पट्ट्यांबद्दल. पुढच्या ऑलिम्पिकला नियम बदलला. हेलसिंकीत पेरसोनलाही सुवर्ण मिळालं, आणि त्याच दारातून लिस हार्टेल आत आली.

'तिने अपंगत्वावर मात केली' एवढंच लिहिलं की हे दार दिसेनासं होतं. घोडा ओळखणं हे एक कौशल्य आणि घोडेस्वार म्हणून मान्यता मिळणं ही वेगळीच गोष्ट, असा फरक या क्षेत्राच्या जन्मवेळीच आहे. तो धरून मुंबईला या.

कोपरखैरण्याहून वाशी, हार्बरने कुर्ला, दादर, मग पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी. स्टेशनबाहेर पडून केशवराव खाड्ये मार्गाने हाजीअलीकडे चालत जा. ही फेरी तुम्ही खरंच करावी असं मला वाटतं, कारण काही पुरावे पायांनी वाचायचे असतात. वाटेत महालक्ष्मी रेसकोर्स लागतं. शर्यती भायखळ्याहून इथे आल्या त्या १८८३ साली. याच आवारात १९४२पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, घोडेस्वारी शिकवणारा. आणि रेसकोर्सच्या शेजारीच हाजीअलीला दोन संस्था आहेत, ज्यांचा घोड्याशी काही संबंध असेल असं तुमच्या मनातही येणार नाही.

पहिलीची कथा फातेमा इस्माईल यांच्यापासून सुरू होते. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी या आईने खूप वणवण केली आणि नंतर डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या मदतीने १९४७ साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं. त्यातून 'सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन' उभी राहिली आणि हाजीअलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल. दुसरी संस्था सरकारी: ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, १९५५ साली स्थापन झालेली. आजही राज्यभरातून लोक तिथे कृत्रिम पाय, कॅलिपर आणि उपचारांसाठी येतात.

तारखा शेजारी शेजारी मांडा. १९४२ क्लब. १९४४ डेन्मार्कमध्ये लिसला पोलिओ. १९४७ मुंबईत पोलिओचं क्लिनिक. १९५२ हेलसिंकी. १९५५ हाजीअलीची राष्ट्रीय संस्था. एका बाजूला देशातले उत्तम घोडे आणि ते सांभाळणारे हात, दुसऱ्या बाजूला कंबर आणि पाठ सावरायला शिकणारी मुलं. मध्ये फार तर एक भिंत. यांच्यात काय देवाणघेवाण झाली आणि काय झाली नाही, कोणाच्या मनात आलं आणि कुठे अडलं, हा पीएचडीचा प्रश्न आहे. दोन्हीकडचे वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या याद्या, त्या काळातली वर्तमानपत्रं, अशी सामग्री त्यासाठी लागेल. देणगीदारांची नावं आधी तपासा, असं मी सुचवेन. मुंबईत शर्यतींचा पैसा आणि धर्मादाय पैसा नेहमीच एकमेकांना ओळखत आलेत.

आता सामग्री शोधायची तर शब्द हवेत, आणि इथे बरेच जण अडतात. तुम्ही 'इक्वाइन थेरपी' आणि 'दिव्यांग' टाकून शोधलंत तर १९५०चा एकही कागद सापडणार नाही. त्या काळातले शब्द होते 'क्रिपल्ड', 'हँडिकॅप्ड'. मराठीत पांगळा, लुळा, पुढे अपंग, विकलांग, मतिमंद. यातले बरेच आज वापरायचे नाहीत, आपल्या लेखनात तर नाहीच. शोधताना मात्र तेच टाकावे लागतात. वरच्या अमेरिकन संस्थेनेही २०११ साली नावातला 'हँडिकॅप्ड' काढला. आपल्याकडे १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. म्हणजे १९९५ आणि २०१६ची आकडेवारी सरळ एकाखाली एक मांडली की प्रबंध तिथेच घसरला.

दुसरी यादी दोर धरणाऱ्याची, आणि ती जास्त गंमतशीर आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. मोतद्दार, चाबूकस्वार, नालबंद, बारगीर, शिलेदार, पागा: घोड्याभोवतीच्या कामाची किती बारीक विभागणी आपल्या भाषेत होती ते दिसेल. मोतद्दार घोड्याची देखभाल करणारा, चाबूकस्वार घोड्याला चाल शिकवणारा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. मालकी, देखभाल, शिकवणं, स्वारी, चार वेगळी कामं आणि चार वेगळे शब्द. इंग्रजी कागदांत हा सगळा पसारा एका 'सईस' या शब्दात कोंबला गेला, आणि मुंबईत त्यालाच 'घोडावाला' म्हणत. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन या लेखकाच्या १८८९च्या 'बिहाइंड द बंगलो' या पुस्तकात या घोडावाल्यावर एक आख्खं प्रकरण आहे. (एटकिनचा जन्म साताऱ्याचा. आमच्या कोपरखैरण्यातल्या निम्म्या सोसायट्यांना हे सांगितलं तर अभिमान वाटेल.) प्रकरण विनोदी आहे, पण तो विनोद साहेबाचा आहे. घोडावाला त्यात नोकर म्हणून दिसतो, घोड्याचं ज्ञान असलेला माणूस म्हणून नाही. हा स्रोत वापरा, पण तो कोणाच्या खुर्चीत बसून लिहिलाय हे प्रत्येक उताऱ्याला विचारा.

साताऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची घरं मोठ्या संख्येने आहेत, त्यातली कित्येक कुटुंबं सातारा-सांगलीकडची. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या या माणसांच्या कामाला महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून नाव, मंडळ आणि हक्क दिले ते १९६९ साली. वर आलेल्या दोन्ही घोडेस्वारी संस्थांचं वर्षही १९६९. हा निव्वळ योगायोग आहे. यात कार्यकारणभाव शोधत बसू नका, परीक्षक फाडून खातील. पण तुलना म्हणून बघा. एखादं काम 'काम' म्हणून कायद्यात नोंदलं गेलं की त्याचा इतिहास आपोआप कागदावर येऊ लागतो. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्याखाली पुनर्वसन व्यावसायिकांचे सोळा प्रकार ठरले. ऑडिऑलॉजिस्ट आहे, विशेष शिक्षक आहे, कृत्रिम अवयव बनवणारा आहे. घोडा चालवणारा नाही.

तुम्ही म्हणाल, दोर धरण्यात ज्ञान ते काय? यासाठी बर्लिनला एक फेरी मारू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा गणितं सोडवायचा. 'चार अधिक तीन?' विचारलं की सात वेळा खूर आपटायचा. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीने तपासलं, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने नीट प्रयोग रचले. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. १९०७ साली त्याने निष्कर्ष छापले: योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं, खांदे नकळत किंचित हलतात, आणि घोडा ते टिपून थांबतो. विचारणाऱ्याला स्वतःला पत्ताही नसतो.

मानसशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट 'निरीक्षकाच्या अपेक्षेमुळे प्रयोग बिघडतो' म्हणून शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण तीच गोष्ट तबेल्यातून वाचा. माणसाच्या अंगातली केसाएवढी हालचाल घोडा वाचतो, म्हणूनच तो अशा मुलासोबत काम करू शकतो जे बोलत नाही, किंवा ज्याच्या हातात जोर नाही. आणि दोर धरणारा घाबरलेला असेल, घाईत असेल, तर घोडा तेही वाचतो. वर्षानुवर्षं घोड्यांत वावरलेल्या माणसाचं अंग घोड्याशी कसं शांतपणे बोलतं, ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये पूर्ण उतरत नाही.

हान्सचा पहिला धडाही विसरू नका, कारण या क्षेत्रातले दावे फार मोठे असतात आणि अभ्यास फार छोटे. एक चांगला नमुना देते. २००३च्या एका अमेरिकन अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेली १५ मुलं घेतली. काहींना आठ मिनिटं चालत्या घोड्यावर बसवलं, काहींना आठ मिनिटं स्थिर पिंपावर, त्याच आसनात. मग पाठीच्या आणि मांड्यांच्या स्नायूंची विद्युत नोंद घेतली. घोड्यावर बसलेल्या मुलांमध्ये डाव्या-उजव्या स्नायूंची समानता सुधारलेली दिसली, पिंपावरच्यांमध्ये तशी नाही. पिंप का, हे लक्षात आलं ना? पाय फाकवून बसणं हाच व्यायाम असेल तर दोघांनाही सारखा फायदा व्हायला हवा. पिंपामुळे 'बसणं' आणि 'घोड्याची चाल' वेगळी झाली. पण १५ मुलं आणि आठ मिनिटं, यावरून 'घोडा अपंगत्व बरं करतो' असं कोणी म्हणत असेल तर तिथून उठून या. आईवडिलांच्या प्रश्नावलीवर आधारलेले अभ्यास तर आणखी जपून वाचा. ज्या आईने मुलाला दोन तास प्रवास करून तिथे आणलंय तिला सुधारणा दिसणारच. तिच्या आशेला खोटं म्हणायचं नाही, पण तिची मोजपट्टीही करायची नाही. स्वतः मुलांबरोबर काम करणार असाल तर नीतिसमितीची मंजुरी, पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, तिन्ही लागतील. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत वयानुसार होकार कसा घ्यायचा ते दिलंय.

शेवटचा मुक्काम मुंबई उच्च न्यायालय. गेटवे, नरिमन पॉइंटला चकचकीत पत्रा लावलेल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या तुमच्यातल्या थोड्या मोठ्यांना आठवत असतील. जून २०१५मध्ये न्यायालयाने निव्वळ मौजेसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. घोड्यांची अवस्था, तबेल्यांची अवस्था याबद्दल याचिकेत जे होतं ते वाचलं की निर्णय पटतो. डांबरावर नाल घसरणारे, गर्दीत उभे राहणारे घोडे होते ते. न्यायालयाने सरकारला गाडीमालक आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजनाही करायला सांगितली. त्यातून जे पर्याय पुढे आले त्यांत होती एकरकमी मदत आणि फेरीवाल्याचा परवाना.

फेरीवाल्याचा परवाना, हे शब्द परत वाचा. ज्या माणसाने भर रहदारीत घोडा शांत ठेवला, त्याच्या हातातलं कौशल्य सरकारी हिशेबात शून्य धरलं गेलं. घोड्यांचे हाल थांबायलाच हवे होते. पण घोडा कळणाऱ्या माणसाला घोड्यापासून तोडताना, त्याच शहरात त्या कळण्याची दुसरी काही गरज असू शकते, ही कल्पना त्या कागदांत डोकावतही नाही. हाच प्रश्न आज माथेरानमध्ये वेगळ्या रूपात आहे, ई-रिक्षा आल्यावर घोडेवाल्यांचं काय. आणि २०२४ साली महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर टर्फ क्लबकडे अशी वाटणी ठरली, तेव्हा हाजीअलीची ती भिंत पुन्हा चर्चेच्या जवळ आली आहे. या शहरात घोड्यासोबत शिकण्याचं काम वाढणार असेल तर ते कुणाच्या हातांनी चालेल, आणि त्या हातांना 'प्रशिक्षक' म्हणतील की 'घोडावाला'?

काम सुरू करायचं असेल तर दोन टोकांनी करा. एक टोक कागदांचं: २०१५चा निकाल सार्वजनिक आहे, गाड्यांचे परवाने १९२०च्या बॉम्बे पब्लिक कन्व्हेयन्सेस अॅक्टखाली दिले जात, तिथून मागे जाता येतं. दुसरं टोक माणसांचं, आणि त्याला थोडी घाई आहे. व्हिक्टोरिया चालवलेले गाडीवान आता वयस्कर होत चाललेत, पांगलेत. त्यांच्याकडे जाल तेव्हा पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. न्यायालय, भरपाई यांवरून सुरुवातही करू नका. त्यावर ते बोलून थकलेत. घोडा बिचकणार आहे हे तुम्हाला आधी कसं कळायचं, असं विचारा. मग त्यांच्या हातांकडे बघा, कारण उत्तर देताना ते दोर धरल्यासारखे हात करतील. शक्य झालं, आणि त्यांनी परवानगी दिली, तर तेवढं व्हिडिओत घ्या.